केप टाऊनचा व्ही अँड ए वॉटरफ्रंट: जाण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मॉल आहे की बंदर?

दोन्ही, आणि दोन्ही चालू आहेत. ‘व्ही अँड ए वॉटरफ्रंट’ हे अख्ख्या परिसराचं नाव. त्यातल्या मोठ्या बंदिस्त मॉलचं नाव ‘व्हिक्टोरिया व्हार्फ’. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘वॉटरफ्रंट’ सांगितलं तर तो कुठल्याही टोकाला सोडेल. म्हणून मॉल, मत्स्यालय, क्लॉक टॉवर की सायलो (जुन्या धान्यकोठाराचा भाग), हे आधी ठरवा आणि ॲपमध्ये तेच नाव टाका. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला रमतगमत वीस मिनिटं लागतात.

बंदराचं काम १८६० साली सुरू झालं. राणी व्हिक्टोरियाचा सोळा वर्षांचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड याने लाटा अडवणाऱ्या बांधासाठी पहिले दगड टाकले. ‘ए’ म्हणजे हा आल्फ्रेड, राणीचा नवरा आल्बर्ट नव्हे. नाव चुकवणाऱ्यांत गाईडही असतात. पुढे मोठी जहाजं नव्या गोदीकडे गेली आणि हा जुना भाग मागे पडला. १९८८ पासून त्याचा कायापालट सुरू झाला, १९९२ मध्ये व्हिक्टोरिया व्हार्फ उघडला. मासेमारीच्या बोटी मात्र आजही इथेच लागतात. १८८२ च्या रॉबिन्सन सुक्या गोदीत जहाजांचे तळ खरवडून रंगवण्याचं काम चालतं आणि ते वरच्या कठड्यावरून फुकटात बघता येतं. आमच्या मते परिसरातलं सगळ्यात दुर्लक्षित दृश्य हेच.

कुठे काय आहे? नकाशा डोक्यात कसा बसवायचा?

पाठीशी समुद्र आणि समोर टेबल माउंटन असेल तर तुमचं तोंड दक्षिणेकडे आहे. एवढं लक्षात ठेवलं की चुकायला होत नाही, कारण डोंगर जवळपास सगळीकडून दिसतो.

उत्तरेकडे व्हिक्टोरिया व्हार्फ मॉल. त्याच्यापुढे खुला रंगमंच आणि केप व्हील हा चाळीस मीटर उंचीचा पाळणा. आणखी पुढे सुकी गोदी, तिच्या बाजूला ‘वॉटरशेड’ हा हस्तकलांचा बाजार आणि ‘टू ओशन्स’ मत्स्यालय. जुन्या वीजघराच्या इमारतीत टाइम आउट मार्केट हे खाण्याचं ठिकाण आहे.

दोन गोद्यांना जोडणारी पाण्याची चिंचोळी वाट मध्ये येते. तिच्यावरच्या पायी पुलापलीकडे लाल क्लॉक टॉवर, रॉबेन बेटाच्या (मंडेलांना कैदेत ठेवलेल्या बेटाच्या) बोटी जिथून सुटतात ते ‘नेल्सन मंडेला गेटवे’ आणि सायलो भाग.

हा पूल बोट आली की अख्खा बाजूला फिरतो. घंटा वाजते, फाटक पडतं आणि चार-पाच मिनिटं उभं राहावं लागतं. एरवी त्यात मजाच आहे, पण रॉबेन बेटाची बोट पकडायची असेल तर ही मिनिटं महागात पडतात. मॉलच्या बाजूने येणाऱ्यांनी त्यांचा हिशेब आधीच धरावा.

किती वेळ ठेवावा?

नुसतं फिरणं, जेवण आणि थोडी खरेदी एवढंच असेल तर चार तास. मत्स्यालय धरलं तर आणखी दोन. रॉबेन बेट करायचं असेल तर अख्खा दिवस यालाच द्या.

दिवसाचा क्रम कसा लावावा?

बहुतेक जण इथे चुकतात. सकाळी दहाला मॉलमध्ये शिरतात, दोनला पिशव्या घेऊन बाहेर पडतात आणि तेव्हा कळतं की वारा सुटलाय, बोटी रद्द झाल्यात आणि हातात सामान आहे. मॉल साधारण सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत उघडा असतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तो थोडा उशिरा उघडतो, नाताळला बरीच दुकानं बंद असतात. दुकानं तुमची वाट बघतात, समुद्र बघत नाही. त्यामुळे उघड्यावरचं सगळं आधी, छपराखालचं शेवटी.

चांगला क्रम असा: सकाळी बोट किंवा बेट. परतल्यावर जेवण. दुपारी वाऱ्याचा जोर असताना मत्स्यालय किंवा संग्रहालय. चार-साडेचारला वॉटरशेड, कारण ते मॉलपेक्षा लवकर बंद होतं. मॉलमधली खरेदी अंधार पडल्यावर, आणि तिथूनच टॅक्सीने हॉटेल.

दुपारी बाराला सिग्नल हिलवरून तोफ उडते. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून रोज. आवाज चांगलाच मोठा असतो. कडेवर लहान मूल असेल तर बाराला दोन मिनिटं कमी असताना त्याला सांगून ठेवा.

वाऱ्याचं एवढं काय? कुठला महिना बरा?

केप टाऊनचा उन्हाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याच काळात आग्नेयेकडून जोरदार वारा वाहतो. शहरावरची धूळ-धूर घालवतो म्हणून तिथले लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. हा वारा डोंगरावर चढला की वर पांढऱ्या ढगाची चादर पसरते. खालून ती फार सुंदर दिसते, पण ती दिसली म्हणजे डोंगरावरचा रोपवे बंद पडण्याची शक्यता वाढली असं समजा. रोपवेचं आणि रॉबेन बेटाचं अशी दोन्ही तिकिटं शेवटच्या दिवशी ठेवणं म्हणजे जुगार. पहिल्या स्वच्छ, शांत सकाळी डोंगर उरकावा आणि वॉटरफ्रंट मागे ठेवावा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना तिथे वसंत मिळतो. दिवस लांबत चाललेला असतो, ऑक्टोबरअखेर सात वाजून गेल्यावर सूर्यास्त होतो आणि गर्दीही बेताची असते. आमची पसंती याच काळाला. मे महिन्यात गेलात तर तिथे शरद संपत आलेला असतो. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पाऊस सुरू होऊ लागतो, पण वारा कमी आणि हॉटेलं स्वस्त. जून ते ऑगस्ट खरा पावसाळा आणि थंडी. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीचा पहिला आठवडा तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांचा असतो. तेव्हा पार्किंगपासून आइस्क्रीमपर्यंत सगळीकडे रांगा.

उन्हाळ्यात गेलात तरी वारा अडवणारं पातळ जाकीट घ्या. साडी किंवा ओढणी असेल तर चार पिना जास्तीच्या. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक-कान भाजलेले कळतात. सनस्क्रीन सकाळी लावा आणि दुपारी पुन्हा.

रॉबेन बेटाची फेरी कशी करायची? तिथे जाऊन तिकीट मिळतं का?

नशीब असेल तर मिळतं. सुट्टीच्या दिवसांत त्या भरवशावर जाऊ नका, बेटाच्या संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी काढा. तिकिटात बोट, बेटावरची बस आणि तुरुंगाची फेरी तिन्ही येतात. सगळं मिळून साडेतीन ते चार तास. नेल्सन मंडेला गेटवेला सुटण्याच्या वेळेआधी किमान अर्धा तास पोचा, तिथे विमानतळासारखी सामानतपासणी होते.

मंडेला सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा वर्षं याच बेटावर होते. १९९९ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. तुरुंगाची फेरी बहुधा तिथेच शिक्षा भोगलेले राजकीय कैदी घडवतात. त्यांचं इंग्रजी समजायला सोपं असतं. गर्दीत मागे पडाल तर ऐकू येणार नाही, म्हणून बसमधून उतरल्यावर पुढे जाऊन उभे राहा.

बोट लागणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जाताना समुद्र शांत असला तरी दुपारी परतताना बोट चांगलीच हलते. मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. जागा मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्या.

खराब हवेमुळे त्यांनीच फेरी रद्द केली तर दुसरी तारीख किंवा पैसे परत मिळतात. तुम्ही उशिरा पोचलात तर काही मिळत नाही. बेटावर खाण्यापिण्याची फारशी सोय नाही, पाणी आणि कोरडा खाऊ जवळ ठेवा.

विमानतळावरून आणि शहरातून कसं यायचं?

विमानतळ साधारण वीस किलोमीटरवर. रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं, सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा या वेळात त्याच्या दुप्पट. उबर आणि बोल्ट दोन्ही चालतात. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेट आणि चालकाचा फोटो जुळवा. वॉटरफ्रंटवर ॲपच्या गाड्यांसाठी ठरावीक थांबे आहेत, भलत्या दारावर उभे राहिलात तर चालक फेरी रद्द करतो.

मायसिटी बसच्या टी०१ आणि १०४ या मार्गांवर वॉटरफ्रंटचे थांबे आहेत, सिव्हिक सेंटर हे मुख्य स्थानक. प्रवासासाठी ‘मायकनेक्ट’ कार्ड लागतं, ते स्थानकावर विकत घेऊन त्यात पैसे भरायचे. प्रत्येकाला वेगळं कार्ड. चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं. चौघांच्या कुटुंबाने दोन-तीन फेऱ्यांसाठी चार कार्डं घेण्यापेक्षा टॅक्सी स्वस्त पडते. एकट्याला चार-पाच दिवस राहायचं असेल तर बस परवडते.

स्वतःची भाड्याची गाडी असेल तर पार्किंगला पैसे पडतात. पैसे बाहेर पडण्याच्या फाटकावर नव्हे, आधी आतल्या यंत्रावर भरायचे. गाडी कुठल्या गॅरेजच्या कुठल्या मजल्यावर लावली त्या पाटीचा फोटो काढा. गॅरेजं अनेक आहेत आणि आतून सारखीच दिसतात.

तिथे सुरक्षित आहे का? केप टाऊनबद्दल बरंच काही ऐकलंय.

ऐकलेलं सगळंच खोटं नाही, पण वॉटरफ्रंट शहरातल्या सगळ्यात सुरक्षित भागांपैकी आहे. स्वतःचे पहारेकरी, कॅमेरे, रात्रीपर्यंत वर्दळ. धोका हद्द ओलांडल्यावर. अंधार पडल्यावर वॉटरफ्रंटपासून मध्य शहरातल्या हॉटेलपर्यंत ‘एवढंच तर अंतर आहे’ म्हणत चालत जाऊ नका. दहा मिनिटांचं अंतर असलं तरी टॅक्सी करा.

आतमध्ये काळजी घ्यायची ती एटीएमपाशी. ठरलेली पद्धत अशी: यंत्र अडल्यासारखं वाटतं, मागे उभा असलेला सभ्य दिसणारा माणूस ‘मी मदत करतो’ म्हणतो आणि कार्ड बदलतं किंवा पिन पाहिला जातो. कोणाचीही मदत घेऊ नका, गणवेशातल्या माणसाचीही नाही. कार्ड अडकलं तर तिथेच उभं राहून बँकेला फोन करा. पैसे काढायचेच असतील तर रस्त्यावरच्या एटीएमऐवजी मॉलच्या आतलं वापरा.

हॉटेलच्या टेबलावर फोन उलटा ठेवून बोलत बसण्याची आपली सवय इथे सोडा. खुर्चीच्या पाठीला पर्स अडकवणंही.

पैसे कोणते न्यावेत?

रँड हे तिथलं चलन. भारतीय रुपये बदलून मिळण्याच्या भरवशावर राहू नका. दुकानं, उपाहारगृहं, तिकीट खिडक्या सगळीकडे कार्ड टेकवून पैसे देता येतात. सुटे रँड लागतात ते टिपसाठी आणि गाड्या राखणाऱ्यांसाठी. तिथे सार्वजनिक जागी गाडीकडे लक्ष ठेवणारी माणसं असतात, त्यांना पाच-दहा रँड देण्याची पद्धत आहे.

कार्डाच्या यंत्राने ‘रँडमध्ये की रुपयांत?’ विचारलं तर डोळे झाकून रँड निवडा. रुपये निवडले तर दर यंत्रवाली कंपनी लावते आणि तो जवळपास नेहमीच तोट्याचा असतो. यंत्रावर आकडा ओळखीचा दिसतो म्हणून लोक रुपये दाबतात, फसतात ते तिथेच.

टिप दहा ते पंधरा टक्के. ती बिलात नसते. आठ-दहा जणांचा गट असेल तर मात्र सेवाशुल्क आधीच लावलेलं असू शकतं, बिल नीट वाचा. कार्डाने देताना टेकवण्याआधी वेटरला टिपसकट रक्कम सांगायची. एकदा टेकवलं की मागाहून वाढवता येत नाही.

व्हॅट परत मिळतो म्हणतात. कसा?

मिळतो, पण बऱ्याच लोकांचा अर्ज दुकानातल्या पावतीवरच बाद होतो. त्यामुळे जरा सविस्तर.

दक्षिण आफ्रिकेत व्हॅट १५ टक्के आहे आणि तो लेबलवरच्या किमतीत धरलेला असतो. परदेशी पाहुण्याला, देशाबाहेर नेलेल्या वस्तूंवरचा व्हॅट परत मागता येतो. एकूण खरेदी २५० रँडच्या वर हवी आणि वस्तू पावतीच्या तारखेपासून ९० दिवसांत देशाबाहेर जायला हवी. हॉटेलचं बिल, जेवण, बोटीचं तिकीट यांवर काही मिळत नाही. तिथेच खाऊन-वापरून संपवलेल्या वस्तूंवरही नाही.

आता हिशेब. ११५० रँडची पर्स घेतली तर मूळ किंमत १०००, व्हॅट १५०. म्हणजे परत मिळण्याजोगी रक्कम लेबलच्या १५ टक्के नसून साधारण १३ टक्के, आणि त्यातूनही प्रक्रियेचं शुल्क कापलं जातं. दोन-तीनशे रँडच्या टी-शर्टासाठी विमानतळावर तासभर उभं राहण्यात अर्थ नाही. चामड्याच्या वस्तू, दागिने, कॅमेरा, भारी कपडे अशा खरेदीसाठी जरूर करा.

दुकानात ‘टॅक्स इन्व्हॉइस’ मागा. कार्डाची चिठ्ठी चालत नाही. पावतीवर हेच दोन शब्द छापलेले हवेत. शिवाय दुकानाचं नाव-पत्ता, ४ ने सुरू होणारा दहा आकडी व्हॅट क्रमांक, पावती क्रमांक, तारीख, वस्तूचं वर्णन आणि किंमत हवी. रक्कम ५००० रँडच्या वर असेल तर तुमचं नाव आणि पत्ताही दुकानदाराने त्यावर घालायला हवा. हाताने मागाहून लिहिलेलं अधिकारी मान्य करतीलच असं नाही. काउंटर सोडण्याआधी तपासा. वॉटरशेडमधल्या छोट्या गाळ्यांपैकी अनेकांची व्हॅट नोंदणीच नसते, त्यांच्याकडे अशी पावती मागून उपयोग नाही.

विमानतळावर क्रम महत्त्वाचा. आधी व्हॅट परताव्याची तपासणी, मग चेक-इन. अधिकाऱ्याला वस्तू, पावत्या आणि पासपोर्ट दाखवायचा, तो शिक्का मारतो. बॅग आधीच पट्ट्यावरून आत गेली असेल तर दाखवायला काही उरत नाही आणि दावा संपतो. त्यामुळे त्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा. शिक्का झाल्यावर बॅग चेक-इन करा आणि पासपोर्ट तपासणीच्या पलीकडच्या काउंटरवर कागद द्या. नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचा.

केप टाऊनहून दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे परतत असाल तर हे सगळं केप टाऊनलाच होतं. जोहान्सबर्गला विमान बदलून तिथून देश सोडणार असाल तर भानगड वाढते, कारण बॅग थेट शेवटपर्यंत लागलेली असते. तेव्हा परताव्याच्या वस्तू हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. वाइनच्या बाबतीत हा मार्ग नाही, कारण आंतरराष्ट्रीय तपासणीत बाटल्या अडतात.

काय घ्यावं आणि काय टाळावं?

जगभरच्या ब्रँडची दुकानं आपल्याकडेही आहेत, त्यासाठी इतक्या लांब जायला नको. घेण्यासारखं ते वॉटरशेडमध्ये. तिथे दीडशेच्या आसपास गाळे आहेत: मातीची भांडी, मण्यांचं काम, विणकाम, चामडं, छापील कापड. बहुतेक ठिकाणी किंमत ठरलेली असते. थोडी घासाघीस तीन-चार नग घेतल्यावर विचारून बघावी, एका नगावर ती शोभत नाही. मातीचं भांडं घेताना बुडाला बोटाने हलकी टिचकी मारून ऐका. खणखणीत आवाज हवा, बसका आला तर बारीक तडा असू शकतो आणि विमानात तो मोठा होतो. बांधून घेताना आतल्या पोकळीतही कागद कोंबायला सांगा.

रूईबोस चहा भेटवस्तूंच्या दुकानात सुबक डब्यात, चढ्या भावाने मिळतो. तोच मॉलमधल्या पिक एन पे किंवा वूलवर्थ्समध्ये साध्या पुड्यात बराच स्वस्त. ही वनस्पती केपच्या सीडरबर्ग डोंगराळ भागातच पिकते आणि तिच्यात कॅफीन नसतं, त्यामुळे घरच्या ज्येष्ठांना नेण्यासारखी भेट. पिशवीचे पैसे वेगळे पडतात, कापडी पिशवी जवळ ठेवा.

वाइन सुपरमार्केटमध्येही मिळते. बियर आणि कडक दारू मात्र वेगळ्या दुकानात, आणि ती दुकानं मॉलपेक्षा लवकर बंद होतात. भारतात शुल्काशिवाय माणशी दोन लिटर आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरीने मर्यादा ओलांडते. हे दुकानातच मोजा, कस्टमच्या रांगेत नको.

टांझानाइटच्या निळ्या-जांभळ्या खड्यांची दुकानं इथे पावलोपावली दिसतील. खडा सुंदर असतो, पण तो टांझानियातल्या मेरेलानीच्या खाणींतून येतो, दक्षिण आफ्रिकेतून नव्हे. विक्रेता ‘इथलाच’ म्हणाला तर पुढचं दुकान गाठा. भारी खडा घेणार असाल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा आणि पावती जपा, मुंबईत उतरल्यावर लागते.

मगरीच्या कातड्याची पर्स किंवा पट्टा हा वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांत येतो. विक्रेता कागदपत्रं देत नसेल तर घेऊ नका. हस्तिदंत आणि शिंगांच्या वस्तूंच्या वाटेला जाऊच नका. बिल्टाँग म्हणजे सुकवलेलं मांस. तिथे खायचं ते खा, भारतात परवानगीशिवाय मांसजन्य पदार्थ आणता येत नाहीत.

कपड्यांचे आणि बुटांचे माप कसे?

बूट ब्रिटिश मापात, म्हणजे आपल्यासारखेच. बायकांचे कपडेही बहुतेक ब्रिटिश आकड्यांत असतात. घालून बघा, ट्रायल रूम सगळीकडे आहेत.

घेतलेली वस्तू परत करता येते का?

नुसतं मन बदललं म्हणून परत घेणं दुकानाच्या मर्जीवर. वस्तू सदोष निघाली तर तिथल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत यांपैकी एक मागता येतं. पण आपण परत आल्यावर तो हक्क कागदावरच राहतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू दुकानातच चालू करून बघा.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहायची वेळ येत नाही. टाइम आउट मार्केटमध्ये आणि मॉलमधल्या खाण्याच्या भागात भारतीय पदार्थांपासून पिझ्झा, फलाफलपर्यंत पर्याय मिळतात. काळजी घ्यायची ती विचारताना. ‘मीट नको’ एवढंच म्हटलं तर काही ठिकाणी चिकन किंवा मासे समोर येऊ शकतात, कारण ‘मीट’ म्हणजे लाल मांस असा काहींचा समज. ‘नो चिकन, नो फिश, नो एग’ असं एकेक मोजून सांगा. सूप आणि रिसोटो चिकनच्या रश्शात शिजवतात का ते विचारा. बटाट्याचे चिप्स मासे तळलेल्या तेलात तळतात का, हेही.

जैन जेवणाची कल्पना तिथे फारशी नाही. सुपरमार्केटमधली फळं, दही, ब्रेड, चीज यावर एक वेळ निघते. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली भरून घ्या आणि पैसे वाचवा.

मांसाहार करणाऱ्यांनी केप मलय, म्हणजे इथल्या जुन्या मुस्लीम वस्तीचं, जेवण चुकवू नये. बोबोटी म्हणजे मसालेदार खिमा आणि वर अंड्या-दुधाचा भाजलेला थर. समोसे इथे त्याच वस्तीच्या हातचे असतात आणि आपल्यापेक्षा पातळ, कुरकुरीत.

मुलांना काय दाखवावं?

मत्स्यालय. त्यातलं समुद्री शेवाळाचं जंगल, म्हणजे आठ लाख लिटरची केल्पची टाकी, मोठ्यांनाही जागेवर बसवून ठेवते. लाटेबरोबर उंच पट्ट्या डोलतात आणि मधून मासे सरकतात. खाऊ घालण्याच्या वेळा दाराशीच लिहिलेल्या असतात, आत शिरण्याआधी बघून त्याप्रमाणे फिरा.

धक्क्यावर पहुडलेले सील फुकट. वास येईल, तो त्यांचाच. त्यांना खायला घालू नका आणि सेल्फीसाठी पाठ करून जवळ जाऊ नका. मऊ दिसतात पण कडकडून चावतात. पेंग्विन मोकळेपणी बघायचे असतील तर ते इथे नाहीत, सायमन्स टाऊनजवळ बोल्डर्सला आहेत आणि त्याला वेगळा अर्धा दिवस लागतो.

पैसे न घालवता काय बघता येतं?

नोबेल चौकात लुथुली, टुटू, डी क्लर्क आणि मंडेला या देशाच्या चार शांतता नोबेल विजेत्यांचे पुतळे २००५ पासून उभे आहेत. क्लॉक टॉवर हे १८८२ चं बंदर-कप्तानाचं कार्यालय. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर आरशांची खोली होती, तिच्यातून कप्तानाला जागेवर बसून बंदरातली हालचाल दिसे. तळाला भरती-ओहोटी मोजायचं यंत्र होतं. सायलो भागातलं झाइट्झ मोका हे आफ्रिकी समकालीन कलेचं संग्रहालय २०१७ मध्ये जुन्या धान्यकोठारात उघडलं. आतल्या प्रदर्शनांना तिकीट आहे, पण कलेची आवड नसली तरी मधला चौक बघा. धान्याच्या ४२ उभ्या काँक्रीट नळ्या आतून कापून मक्याच्या दाण्याच्या आकाराची पोकळी केली आहे. बंद दिवस बदलतात, आदल्या दिवशी संकेतस्थळ बघा.

पाय दुखत नसतील तर मूय पॉइंटच्या दीपगृहापर्यंत समुद्राकाठाने सपाट वाट आहे, साधारण दोन किलोमीटर. लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचं हे दीपगृह १८२४ चं. दिवसाउजेडी जा आणि परत या.

टेबल माउंटनसोबत फोटो कधी चांगला येतो?

इथे आपला अंदाज उलटा पडतो. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणजे डोंगराकडे तोंड केलं की सूर्य तुमच्या पाठीशी. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात डोंगराचा कडा पूर्ण उजळलेला असतो. आपल्याकडे ‘भर दुपारी फोटो नको’ म्हणतात, ते इथे डोंगरापुरतं विसरा. उन्हाळी सूर्यास्ताला सूर्य नैर्ऋत्येला सरकतो आणि कडा सावलीत जातो. हिवाळ्यात मात्र तो वायव्येला मावळतो आणि संध्याकाळचं सोनेरी ऊन थेट कड्यावर पडतं. डोंगर चौकटीत बसवणारी मोठी पिवळी फ्रेम आहे, तिच्यासमोर रांग असते. तिच्यापासून दहा पावलं बाजूला तोच डोंगर रांगेविना मिळतो.

चार्जर, सिमकार्ड, शौचालय?

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट. तिथलं जुनं सॉकेट म्हणजे आपल्या गीझर-एसीचं मोठ्या तीन पिनांचं, त्यामुळे मोबाइलचा छोटा प्लग बसत नाही. भारतातूनच १६ अँपिअरच्या पिनांचा ॲडॅप्टर न्या.

सिम घ्यायला कायद्याने नोंदणी लागते. पासपोर्ट आणि राहण्याचा पत्ता, म्हणजे हॉटेलचं आरक्षणपत्र, जवळ हवं. शौचालयं स्वच्छ आणि मोफत आहेत, पण पाण्याचा जेट नसतो. ओले टिश्यू ठेवा.

ज्येष्ठांना किंवा चाकाच्या खुर्चीवाल्यांना जमेल का?

जमेल. मॉलमध्ये लिफ्ट आहेत, बहुतेक वाटा सपाट आहेत, पायी पुलावरूनही खुर्ची जाते. त्रास होतो तो जुन्या धक्क्यावरच्या दगडी फरसबंदीवर, तिथे चाकं अडतात. रॉबेन बेटावर जायचं असेल तर तिकीट काढतानाच कळवा.

काही अडचण आली तर?

वॉटरफ्रंटच्या हद्दीत असाल तर आधी जवळचा सुरक्षारक्षक गाठा, तो पोलिसांपेक्षा लवकर पोचतो. मोबाइलवरून आपत्कालीन क्रमांक ११२, पोलीस १०१११. केप टाऊन महापालिकेचा आपत्कालीन कक्ष लँडलाइनवरून १०७ आणि मोबाइलवरून ०२१ ४८० ७७००. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे नोंद करून तिचा क्रमांक घ्या. भारतीय वाणिज्य दूतावास आणि प्रवास विमा कंपनी दोघंही तोच मागतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये असतातच, पण ते घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा, कारण फोन आणि पासपोर्ट बहुतेकदा एकाच पर्समधून जातात. भारतातलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. तिथे रात्री आठला काही झालं तर घरी साडेअकरा वाजलेले असतात, तेव्हा बँकेचा चोवीस तास चालणारा क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून ठेवलेला बरा.